ॲपचा अनुभव कसा नोंदवावा : राळेगाव तालुक्यातील एका वाचनालयाच्या प्रकल्प नोंदी

२८ जुलै २०२४, रविवार

आमच्या गावातील माणसे फोनमधील ज्या ॲपवर रोजची कामे करतात, त्या ॲपचा दर्जा त्यांना प्रत्यक्ष कामाच्या वेळी कसा अनुभवाला येतो, हे लिहून ठेवण्याचे काम वाचनालयाने आजपासून हाती घेतले आहे. गाव यवतमाळ जिल्ह्याच्या राळेगाव तालुक्यात असून कापूस, तूर आणि सोयाबीन ही येथील मुख्य पिके आहेत. पैसे देणे, पिकाची नोंद करणे, हवामान पाहणे, शाळेचे निरोप वाचणे, बँकेतील शिल्लक तपासणे ही कामे आता फोनवरच होतात आणि ती अडली की माणसाचा अर्धा दिवस जातो. ती नेमकी कोठे अडतात हे प्ले स्टोअरवरील ताऱ्यांवरून कळत नाही, कारण तारे देणारा माणूस कोठे उभा होता, त्याच्या फोनमध्ये किती जागा उरली होती आणि त्याचे काम शेवटी झाले की नाही, यांपैकी काहीही तेथे लिहिलेले नसते. दुसऱ्या गावातील वाचनालयाला किंवा मंडळाला असेच काम करायचे असल्यास त्यांचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी तारीखवार ठेवत आहे.

वही ठेवायला १८ जण तयार झाले आहेत : सात कास्तकार, बचतगटातील चार महिला, किराणा दुकानदार, पानठेलेवाले भाऊ, आशाताई, ऑटोचालक, महाविद्यालयात जाणाऱ्या दोन मुली आणि एक सेवानिवृत्त गुरुजी. प्रत्येकाला ३० रुपयांची एक वही दिली. पिन, ओटीपी आणि खात्यातील शिल्लक कोणीही लिहायची नाही, स्क्रीनचा फोटो काढायचा नाही आणि कोणाची वही दुसऱ्याला दाखवायची नाही, हे नियम पहिल्या पानावर लिहून घेतले.

सेलिम इकिन, कातार्झिना वाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली अँड्रॉइड फोन वापरणाऱ्यांचा चार आठवड्यांचा अनुभव अभ्यासून प्रसिद्ध केला होता. ॲपची मांडणी आणि वेग यांच्या जोडीने बॅटरी, फोनची क्षमता, खर्च आणि माणसाची दिनचर्या यांचाही त्या अनुभवावर परिणाम होतो, असे त्यांना आढळले होते. त्यांनी सहभागी लोकांच्या फोनमध्ये नोंद घेणारे सॉफ्टवेअर बसवले होते. आपण ते बसवणार नाही. येथे एक फोन घरातील चार माणसे वापरतात आणि वहीसाठी संमती त्यांतील एकानेच दिलेली आहे.

४ ऑगस्ट २०२४, रविवार

पहिल्या आठवड्याच्या नोंदी बाजूला ठेवाव्या लागल्या. प्रत्येक वापरानंतर ॲपला एक ते पाच यांपैकी गुण द्यायचे, अशी रचना होती. टेलिफोनवरील आवाजाचा दर्जा ठरवण्यासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने रूढ केलेली ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी जगभर वापरली जाते आणि तीच येथे चालेल, असा आमचा समज होता. वह्या उघडल्यावर पानेच्या पाने चार आणि पाच गुणांनी भरलेली दिसली. ज्या कास्तकाराचे काम तीन दिवस अडून राहिल्याचे सगळ्या गावाला ठाऊक होते, त्यांनीही पाच गुण दिले होते.

त्यांच्या ओसरीत बसून विचारले, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले, “ॲप तं चांगलंच आहे जी, मलेच येत नाही.” बचतगटाच्या सचिव ताईंनी आणि ऑटोचालकांनीही थोड्याफार फरकाने हेच उत्तर दिले. काम अडले की माणूस दोष स्वतःच्या डोक्यावर घेतो, ॲपला चांगले म्हणतो आणि त्याचा त्रास कोणत्याही आकड्यात उतरत नाही. मला ही बाब फार गंभीर वाटते, कारण ज्यांना सर्वाधिक अडचण येते तेच सर्वाधिक गुण देत असतील, तर त्या गुणांच्या सरासरीवर घेतलेला कोणताही निर्णय त्यांच्या विरोधात जाईल.

गुण काढून टाकले. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली मांडलेल्या पद्धतीत माणसाला आदल्या दिवसातील प्रसंग क्रमाने आठवायला सांगतात आणि प्रत्येक प्रसंगाबद्दल विचारतात. तिच्या धर्तीवर आता चारच प्रश्न ठेवले आहेत : कोठे होता, काय करायचे होते, ते झाले का, आणि झाले नसेल तर मग काय केले. “ॲप कसे आहे” हा प्रश्न कोणालाही विचारायचा नाही, असे ठरले.

११ ऑगस्ट २०२४, रविवार

चार प्रश्नांमुळे नोंदी लगेच बदलल्या, विशेषतः चौथ्या प्रश्नामुळे. “सेतू केंद्रात गेलो आणि पैसे देऊन करून घेतले”, “शेजारच्या पोट्ट्याला बोलावले”, “उधारी लिहायला सांगितली”, “राहू दिले” अशी उत्तरे येत आहेत. “राहू दिले” हे उत्तर महिलांच्या वह्यांत जास्त आहे.

वही कधी भरायची याचा घोळ मात्र मिटलेला नव्हता. रात्री जेवणानंतर लिहावे असे सांगितले होते, पण सध्या निंदणाचे दिवस आहेत, महिला दिवसभर वावरात वाकून काम करून येतात आणि त्यातच लाईन, म्हणजे वीज, गेली की वही तशीच राहते. वही नको, आवाज रेकॉर्ड करून पाठवा, असाही प्रयोग करून पाहिला. त्यातून दोन अडचणी निघाल्या. घरातील सगळ्यांसमोर फोनशी बोलायला महिलांना संकोच वाटला, आणि ज्यांच्या फोनमधील जागा आधीच भरत आली होती, त्यांचे रेकॉर्डिंग अर्ध्यातच थांबू लागले.

आता महाविद्यालयातील दोघी मुली सकाळी नळाला पाणी येण्याच्या वेळी घरोघरी जातात, कालच्या दिवसाबद्दल चार प्रश्न विचारतात आणि सांगितले त्याच शब्दांत लिहून घेतात. महिला त्या वेळी घरी असतात आणि कालचे ताजे आठवते. शब्द बदलू नयेत, यावर मी आग्रह धरला आहे. “ते गोल गोल फिरतच रायते” असे कोणी सांगितले असेल तर तेथे “ॲप संथ आहे” असे लिहायचे नाही, कारण गोल फिरणे म्हणजे संथपणा असेल, नेट नसेल किंवा समोरचा सर्व्हर बंद असेल, आणि तिन्हींवरचा उपाय वेगळा आहे.

१८ ऑगस्ट २०२४, रविवार

सध्या सर्वाधिक नोंदी पिकाच्या नोंदणीच्या आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि कास्तकाराने स्वतः वावरात उभे राहून पिकाचा फोटो काढून सातबाऱ्यावर पीक चढवण्याची पद्धत आली. फोनने उपग्रहावरून आपले ठिकाण ओळखल्याशिवाय पुढचे काम होत नाही. आमच्या सात कास्तकारांपैकी तिघांची नोंद पहिल्याच फेरीत झाली, चौघे परत आले. सगळ्यांचे ॲप एकच होते, त्यामुळे कारण दुसरीकडे शोधावे लागले.

त्या चौघांबरोबर वावरात गेलो. दोघांचे वावर नाल्याकाठी खोलगट भागात आहे आणि तेथे टॉवर मिळत नाही. उपग्रहावरून ठिकाण ओळखण्यासाठी नेट लागत नाही, परंतु नेट असले की फोनला उपग्रहांची माहिती आयती मिळते आणि काम काही सेकंदांत होते. नेट नसेल तर हीच माहिती फोनला थेट उपग्रहाकडून गोळा करावी लागते, त्याला काही मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात माणूस ॲप बंद करून पुन्हा उघडतो, म्हणजे शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. तिसरे कास्तकार ऊन टाळण्यासाठी बाभळीच्या दाट सावलीत उभे होते आणि त्यांचे ठिकाण भलतीकडे दिसत होते. चौथ्यांच्या फोनमध्ये फोटो साठवायला जागाच नव्हती, कारण व्हॉट्सॲपवर येणारे सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ आपोआप उतरत होते.

उपाय पुढीलप्रमाणे केले आणि ते चालले. गावातून निघण्यापूर्वी रेंजमध्ये असतानाच लोकेशन सुरू करून नकाशा एकदा उघडायचा. वावरात पोहोचल्यावर झाडापासून दूर, मोकळ्या आभाळाखाली उभे राहायचे आणि ॲप बंद न करता थांबायचे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो व व्हिडिओ आपोआप उतरणे बंद करायचे आणि जुने मोठे व्हिडिओ काढून टाकायचे. या शेवटच्या कामाला प्रत्येक फोनमागे बराच वेळ गेला, कारण कोणता व्हिडिओ ठेवायचा हे मालकालाच ठरवू द्यावे लागते. एका काकाजींच्या फोनमध्ये नातीच्या बारशाचा व्हिडिओ होता. तो आधी मुलीच्या फोनवर पाठवला आणि मगच काढला.

याच आठवड्यात दोघी मुलींनी गावाचा रेंजचा नकाशा तयार केला. टिनाच्या पत्र्याच्या घरात आणि घराबाहेरच्या ओट्यावर रेंजमध्ये मोठा फरक आढळला, कारण धातूचा पत्रा रेडिओलहरी अडवतो. महादेवाच्या देवळाचा ओटा आणि शाळेची पाण्याची टाकी ही दोन ठिकाणे सर्वांत चांगली निघाली. संध्याकाळी सात ते दहा या वेळेत मात्र तेथेही नेट संथ होते, कारण एका टॉवरची क्षमता त्या भागातील सगळ्या फोनमध्ये वाटली जाते आणि त्या वेळी सगळे गाव घरी व्हिडिओ पाहत असते. पहाटे तेच काम विनासायास होते. नकाशाची मोठी प्रत वाचनालयाच्या दारावर लावली आहे.

३ सप्टेंबर २०२४, मंगळवार

काल पोळा आणि आज तान्हा पोळा असल्यामुळे मुली घरोघरी गेल्या नाहीत. नोंद घेण्यासारखी गोष्ट एवढीच की सजवलेल्या जोडीचे फोटो पाठवताना अनेकांना पुन्हा “जागा शिल्लक नाही” असा संदेश आला. जागा मोकळी करण्याचे काम एकदा करून संपत नाही, त्यामुळे महिन्यातून एक दिवस वाचनालयात त्यासाठी ठेवला आहे.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

पैसे देण्याच्या नोंदी वेगळ्या काढून वाचल्या आणि त्यात माझा सर्वाधिक वेळ गेला. यूपीआय २०१६ साली सुरू झाले आणि आता पानठेल्यावरील दहा रुपयांचा व्यवहारही त्यावर होतो. बहुतेक वेळा तो सुरळीत होतो, म्हणून त्याबद्दल कोणी काही सांगत नाही. बिघडलेल्या प्रसंगांचे वर्णन मात्र सगळ्यांच्या वह्यांत जवळपास एकाच वाक्यात आहे : “पैसे कटले, पण पोचले नाही.”

संगणक वापरण्यातील सोयीचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ साली लिहून ठेवले होते की समोरच्या यंत्राने दहा सेकंदांत उत्तर दिले नाही तर माणसाचे लक्ष टिकत नाही. आमच्या नोंदींमध्ये ही मर्यादा प्रसंगागणिक हलताना दिसते. वावरात एकटा उभा असलेला कास्तकार पाच मिनिटे निमूट थांबतो. किराणा दुकानाच्या फळीसमोर, मागे चार माणसे उभी असताना, त्याच कास्तकाराला काही सेकंदांतच घाम फुटतो, कारण तेथे त्याच्या अब्रूचा प्रश्न असतो. दुकानदाराच्या टेबलावरील डबा “रुपये प्राप्त झाले” असे बोलला नाही, तर ग्राहक आपल्या फोनवरील हिरवी खूण दाखवतो, दुकानदार डब्याकडे पाहतो आणि दोघेही खरे असूनही दोघांना अवघडल्यासारखे होते. दुकानदारांच्या वहीत ॲपबद्दल फारसे काही नाही, सगळे त्या डब्याच्या आवाजाबद्दल आहे. त्यांच्या दृष्टीने आवाज आला की ॲप चांगले आणि नाही आला की वाईट.

खरे नुकसान होते ते त्यानंतरच्या घाईत. व्यवहार “प्रलंबित” दिसत असताना लाजेखातर माणूस दुसऱ्यांदा पैसे पाठवतो आणि थोड्या वेळाने दोन्ही पोहोचतात. ओळखीच्या दुकानात ते परत मिळतात. बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी अनोळखी दुकानात असे झाले, तेव्हा बचतगटातील एका ताईंना दोनदा भाडे खर्चून जावे लागले.

रिझर्व्ह बँकेचे २० सप्टेंबर २०१९ चे परिपत्रक याबाबत स्पष्ट आहे आणि ते गावात कोणालाही ठाऊक नव्हते. यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून कापले गेले आणि समोरच्याला मिळाले नाहीत, तर ते व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला केलेल्या व्यवहाराची पुष्टी झाली नाही, तर ही मुदत पाच दिवसांची आहे. त्यापुढे होणाऱ्या विलंबासाठी ग्राहकाला दररोज १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद आहे. हे मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या झेरॉक्स प्रती किराणा दुकानात, पानठेल्यावर, पिठाच्या गिरणीत आणि ऑटोत लावल्या. त्याखाली एक ओळ जोडली : “प्रलंबित दिसत असेल तर दुसऱ्यांदा पाठवू नका, व्यवहारांचा इतिहास उघडून पाहा, तोवर उधारीच्या वहीत लिहा.” दुकानदारांनी या ओळीला मान्यता दिली म्हणूनच ती चालली. ग्राहकाने स्वतः उधारी मागणे आणि भिंतीवरील कागदाने ती सुचवणे यांत ग्राहकाच्या मानाचा फरक पडतो.

छोट्या रकमांसाठी दहा जणांच्या फोनवर यूपीआय लाइट सुरू करून दिले. त्यात थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवलेली असते, ५०० रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही आणि प्रत्येक वेळी बँकेच्या मुख्य यंत्रणेपर्यंत जावे लागत नसल्यामुळे तेथील ताण आपल्या व्यवहाराच्या आड येत नाही. पिन न मागता पैसे जातात हे पाहून दोन काकाजींना भीती वाटली आणि त्यांनी ते बंद करायला सांगितले. ते लगेच बंद केले. ज्या माणसाला ॲपचा वेग धास्ती देतो, त्याच्यासाठी तो वेग चांगला नाही.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

परतीच्या पावसात विजा पडतात आणि आमच्याकडे माणसे त्या वेळी उघड्या वावरात असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप फोनच्या ठिकाणापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघातील विजांची सूचना देते. काही जणांच्या फोनमध्ये ते होते, पण सूचना आल्याची नोंद फारच थोड्या वह्यांत सापडली.

फोन तपासल्यावर कारण कळले. अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, न वापरलेला फोन बॅटरी वाचवण्यासाठी ॲपची पार्श्वभूमीतील हालचाल रोखून धरतो. स्वस्त फोनमध्ये त्यावर आणखी कडक बचत बसवलेली असते. भर म्हणून आमच्याकडे लाईनचा भरवसा नसल्यामुळे लोकांनी स्वतःहून बॅटरी सेव्हर कायमचा सुरू ठेवला होता आणि नेटपॅक वाचवण्यासाठी डेटाही बंद केला होता. फोनच्या मालकाचे दोन्ही निर्णय शहाणपणाचेच होते, पण सगळ्यांचा एकत्र परिणाम असा झाला की विजेची सूचना संध्याकाळी घरी आल्यावर फोन उघडताच दिसत असे.

या एका ॲपवरची बॅटरीची मर्यादा काढली, लोकेशनची परवानगी “नेहमी” अशी केली, सूचनेचा आवाज मोठा केला आणि वावरात असताना डेटा सुरू ठेवण्याचे ठरले. त्यासाठी बॅटरी पुरावी म्हणून १,१५० रुपयांची एक पॉवर बँक वाचनालयाने घेतली.

एवढ्याने प्रश्न सुटला नाही. निंदणाला जाणाऱ्या महिलांपैकी बहुतेक जणी फोन नेतच नाहीत, तो घरी मुलांजवळ असतो किंवा धुऱ्यावरील पिशवीत डब्यांखाली असतो. दहा-बारा जणींचा जीव ज्या सूचनेवर अवलंबून आहे, ती सूचना धुऱ्यावरच्या पिशवीत वाजून जाते. त्यामुळे टोळीच्या मुकादम ताईंच्या कमरेच्या पिशवीत फोन ठेवायचा, पॉवर बँक त्यांच्याकडे द्यायची आणि सूचना वाजताच काम थांबवून झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीकडे निघायचे, असे वावराच्या मालकांसमक्ष ठरवले. मजुरी कापली जाणार नाही, हेही त्याच वेळी बोलून घेतले. हा शब्द घेतला नसता तर सूचना ऐकू येऊनही कोणी उठले नसते.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

कापसाची वेचणी सुरू झाली आहे. बोंडांच्या टोकांनी बोटे चिरतात आणि वह्यांमध्ये अंगठा न जुळल्याच्या नोंदी वाढल्या आहेत. फोन उघडणे, बँकेचे ॲप उघडणे, रेशन घेणे या तिन्ही ठिकाणी बोटच लागते. यावर मुलींनी शोधलेला उपाय चांगला निघाला : कमी चिरलेले बोट, बहुधा डाव्या हाताची करंगळी, फोनमध्ये जास्तीचे म्हणून नोंदवायचे. रेशनच्या यंत्राला हा उपाय पुरत नाही, कारण तेथे आधारमधील ठसाच जुळावा लागतो.

वाचायला त्रास होतो म्हणून गुरुजींनी फोनमधील अक्षरे मोठी केली, तर एका ॲपमधील “पुढे” हे बटण स्क्रीनच्या बाहेरच गेले. दुसऱ्या एका ॲपमध्ये पत्ता लिहायला घेतला की कीबोर्ड वर येतो आणि त्याखाली बटण झाकले जाते. “बटनच दिसत नाही बापा” या नोंदीचा अर्थ लावायला आम्हाला पुष्कळ वेळ लागला, कारण मुलींच्या मोठ्या फोनवर ते बटण व्यवस्थित दिसत होते. परत जाण्याची खूण एकदा दाबली की कीबोर्ड खाली बसतो, एवढेच शिकवल्यावर तीन घरांतील अडलेले अर्ज पूर्ण झाले. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे उन्हात अजिबात दिसत नाहीत, ही तक्रार सातही कास्तकारांची आहे आणि त्यावर आमच्याकडे सावलीत जाण्यापलीकडे उपाय नाही. तो बनवणाऱ्यांनीच करायचा आहे. ज्या ॲपमध्ये असे दोष आढळले त्यांच्या अभिप्रायाच्या जागी फोनचे मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, अक्षरांचा आकार आणि कोणत्या पायरीवर अडले हे मराठीत लिहून पाठवले. एका ठिकाणाहून ठरावीक साच्याचे उत्तर आले, बाकी ठिकाणांहून काहीच आले नाही.

या सगळ्यांत एका साधनाबद्दल एकही तक्रार नाही. कृषिपंपाच्या मोबाइल स्टार्टरमध्ये सिम कार्ड असते, कास्तकार त्याला फोन लावतो, आकडा दाबून मोटर सुरू करतो आणि लाईन आहे की नाही, मोटर सुरू झाली की नाही, हे ते बोलून सांगते. त्याला नेट लागत नाही, ते साध्या बटणांच्या फोनवरून चालते आणि काम झाले किंवा झाले नाही याचे उत्तर लगेच मिळते. थंडीत रात्रीची लाईन असताना ओलितासाठी उठून वावरात जावे लागत नाही, हे सांगताना एका कास्तकारांनी “याच्यावाणी दुसरं काही बनलंच नाही” असे लिहवून घेतले. ॲप तयार करणाऱ्या कोणी ही नोंद वाचली, तर त्यांनी या ओळीवर थांबावे अशी माझी मनापासून विनंती आहे.

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार

ओटीपीच्या नोंदी. बचतगटातील दोन ताईंच्या बँक खात्याला आणि आधारला नवऱ्याचा नंबर जोडलेला आहे. नवरा कामासाठी बाहेरगावी असतो, ओटीपी त्याच्या फोनवर जातो, तो यंत्रावर असल्यामुळे पाहू शकत नाही आणि मुदत संपते. ताईंच्या वहीत यासाठी एकच शब्द आहे, “नाही झालं”. ॲप दर वेळी बरोबर चालले होते आणि काम दर वेळी झाले नव्हते.

२०२४ मध्ये आधारमधील मोबाइल नंबर बदलण्यासाठी नोंदणी केंद्रावर स्वतः जावे लागत होते आणि ५० रुपये शुल्क होते, बँकेसाठी शाखेत वेगळा अर्ज द्यावा लागत होता. दोघींना एकाच दिवशी आधार केंद्र आणि बँक अशी दोन्ही कामे करण्यासाठी मुलींपैकी एक सोबत गेली. आधार केंद्रावरील रांगेत दुपार गेल्याने बँकेचे काम दुसऱ्या आठवड्यावर गेले. दोघींचा वेचणीचा एक-एक दिवसाचा रोज बुडाला, तो खर्चाच्या हिशेबात धरला पाहिजे. एका घरी नंबर बदलण्यावरून कुरबुर झाली. तेथे आम्ही मध्ये पडलो नाही, आशाताईंनी सासूबाईंशी बोलून मार्ग काढला.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

हरभऱ्याची नोंद करण्यासाठी कास्तकारांनी ऑगस्टनंतर पहिल्यांदाच पिकाच्या नोंदीचे ॲप उघडले आणि खरिपात सुरळीत नोंद झालेल्या तिघांपैकी दोघे या वेळी अडले. अँड्रॉइड ११ पासून, म्हणजे २०२० पासून, काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या फोन स्वतःहून काढून घेतो. ॲपने लोकेशनची परवानगी नव्याने मागितली तेव्हा, अनोळखी गोष्टीला होकार देऊ नये या आम्हीच दिलेल्या सल्ल्यानुसार, दोघांनी “नाही” दाबले होते. सेटिंगमध्ये जाऊन परवानगी दिली आणि नोंद झाली. हंगामी ॲपसाठी “न वापरल्यास परवानग्या काढा” ही खूण बंद करून ठेवावी, हे दारावरील फलकावर लिहिले आहे. त्याच फलकावर यूपीआय लाइटची मर्यादा दुरुस्त केली, कारण रिझर्व्ह बँकेने या महिन्यात ती एका व्यवहाराला १,००० रुपये आणि एकूण ५,००० रुपये अशी वाढवली आहे.

आतापर्यंतचा खर्च : वह्या ५४० रुपये, झेरॉक्स २१० रुपये, पॉवर बँक १,१५० रुपये, फलक आणि नकाशा ४५० रुपये, मिळून २,३५० रुपये. यात मुलींच्या सकाळच्या फेऱ्यांचे मोल धरलेले नाही. दुसऱ्या गावाने हे काम हाती घेतल्यास नोंद घेणाऱ्यांसाठी मानधनाची तजवीज आधी करावी आणि नंतरच वह्या आणाव्यात.

१८ पैकी १४ वह्या चालू आहेत. ऑटोचालक आणि पानठेलेवाले भाऊ यांनी वेळ मिळत नाही म्हणून थांबवले, दोन कास्तकार मुलांकडे नागपूरला गेले आहेत. तुरीची सोंगणी सुरू होण्यापूर्वी मुकादम ताईंची आणि गिरणीवाल्यांची अशा दोन नव्या वह्या उघडायच्या आहेत. पॉवर बँक सध्या मुकादम ताईंकडेच आहे.